अब्बांची पेटी आणि माझी जीप

रविवारी सकाळी खडवली स्टेशनच्या बाहेर उभे राहिलात तर दोन तऱ्हेच्या जीप दिसतील. एक काळी-पिवळी. स्टेशन ते पडघा, सीट भरल्याशिवाय जागची न हलणारी. दुसरी ठाण्या-मुंबईकडून आलेली चकचकीत थार, टायर माझ्या कमरेला लागतील एवढे, भातसेच्या पात्रात चाकं बुडवून रील काढायला आलेली. माझी जीप या दोन्हींत बसत नाही. ती १९९४ सालची एमएम ५४० आहे. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याकडून २०२२ मध्ये मी ती १ लाख १० हजारांना घेतली. घरी आणली तेव्हा बायको ओट्यावर आली, एक फेरी मारून तिने गाडी बघितली आणि म्हणाली, "हिचं काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, रोज खडवलीहून लोकलने कल्याणला जातो आणि लोकलनेच परत येतो. मला जीपची गरज नव्हती. पण माझे अब्बा जीपचे मिस्त्री होते.

कल्याणला दूध नाक्याजवळ त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक चेन-ब्लॉक आणि बाहेर रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या. पडघा, शहापूर, मुरबाड, इकडे भिवंडीपर्यंतच्या जीप त्यांच्याकडे यायच्या. ते इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नोझल गेलाय ते सांगायचे. मी मात्र त्या गॅरेजमध्ये पाना हातात धरल्याचं मला आठवत नाही. एकदा सातवी-आठवीत असताना सुट्टीत गेलो होतो, एका चाकाचे नट सैल करायला घेतले, तर त्यांनी पाना हातातून काढून घेतला. ओरडले नाहीत. म्हणाले, "तू जाऊन पुस्तक वाच."

दुपारच्या नमाजच्या आधी ते घासलेट आणि कपडे धुण्याच्या पावडरीने हात धुवायचे. तरी नखांतलं काळं जायचं नाही. हा काळेपणा राहिला तर वुजू होतो की नाही, याची त्यांना फार काळजी. शेवटी मशिदीतल्या मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, कामाचा मळ आहे, धुऊनही निघत नाही, तर माफ आहे. अब्बांचं समाधान झालं नाही. ते सुई घेऊन नखं कोरत बसायचे. माझे हात तसे होऊ नयेत म्हणून त्यांनी मला पानाच दिला नाही, हे मला कळायला बराच काळ गेला. २०१७ मध्ये ते गेले. गॅरेजची जागा भाड्याची होती, ती मालकाने परत घेतली. हत्यारांची लोखंडी पेटी तेवढी मी खडवलीला घरी आणली आणि पलंगाखाली सरकवली.

तर जीप आली, आणि पेटी पलंगाखालून बाहेर निघाली.

जीपबद्दल अब्बा एक गोष्ट नेहमी सांगायचे. ती मला थाप वाटायची. नंतर वाचलं तर खरी निघाली. ही कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने. महिंद्रा म्हणजे जे. सी. आणि के. सी. हे दोघे भाऊ, आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आद्याक्षरं तीच राहिली. मग अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत आणून जोडायला सुरुवात झाली आणि त्यातून या सगळ्या गाड्या आल्या. अब्बा बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "मोहम्मद निघून गेला, पण गाडी रिपेअर करायला आम्ही राहिलो ना." गिऱ्हाईक हसायचं. अब्बा स्वतः कधी हसायचे नाहीत.

आता मूळ प्रश्नावर येतो. जुनी जीप घेतलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या महिन्यातच पडतो. गाडी गॅरेजला द्यायची की स्वतः उघडायची?

सुरुवातीला मी गॅरेजलाच दिली. हायवेवरचं एक गॅरेज, नाव सांगत नाही. चालताना खालून घरघर येत होती. त्यांनी ट्रान्सफर केसचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, चार दिवस गाडी ठेवली, ७८०० रुपये घेतले. जुनं बेअरिंग मागितलं तर म्हणाले भंगारात गेलं. पंधरा दिवसांनी घरघर परत सुरू झाली. मी परत गेलो, तर मुख्य मिस्त्री गावाला गेलेला आणि बिलावर 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं. बेअरिंग नवं घातलंच नव्हतं की घातलं ते हलकं होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, यापुढे गाडीला आपलेच हात लागतील.

आणि खरं सांगतो, ते दिवस फार मजेत गेले. एमएम ५४० ही गाडी नवशिक्याला शिकवायलाच बनवली असावी. बॉनेट उघडलं की आत एवढी जागा आहे की एक पाय आत ठेवून उभं राहता येतं. प्यूजोच्या बनावटीचं साधं डिझेल इंजिन, कुठे कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मी आधी डिझेल फिल्टर बदलला. लाइनमध्ये हवा अडकली, गाडी सुरू होईना. मग हातपंप मारून, नट किंचित सैल करून बुडबुडे काढले आणि ती धडधडून सुरू झाली तेव्हा मी अंगणात एकटाच टाळ्या वाजवल्या. मग कमानीचे बुश बदलले. एका बाजूचे बुश काढायला मला दोन रविवार लागले. गॅरेजमध्ये ते तासाभराचं काम असेल. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे जोड, कमानीच्या पिना, सगळीकडे ग्रीस मारलं. घरघर गेली नाही, पण कुठून येते ते कळलं.

तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी होती. त्यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून छोटी जीप बनवली होती, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ लोकांपुढे आणला आणि पुढच्याच महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. मीही तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून सुटली. लोहार हे व्हिडिओ पाहून शिकलेले नव्हते. लोखंडाचं काम हाच त्यांचा व्यवसाय होता. मी त्यांच्याकडे 'आपल्यासारखा एक माणूस' म्हणून बघत होतो, आणि ते माझ्यासारखे नव्हतेच. ते अब्बांसारखे होते.

माझा भाचा कॉलेजात आहे, आपाचा मुलगा. तो दर रविवारी टिटवाळ्याहून यायचा. त्याला गाडी उंच करायची होती, मोठे टायर घालायचे होते, पुढे लोखंडी बंपर लावायचा होता. त्याला मी नाही म्हटलं. कायद्याचं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल असं सांगतो की कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही. पण दुसरं कारणही होतं. मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि माझ्या गाडीचे ब्रेक मुळातच यथातथा होते. पेडल दोनदा मारल्यावर धरायचं. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत होती.

म्हणजे आता पाळी ब्रेकची आली.

ब्रेकचं काम समजायला अवघड नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं तेल नळ्यांतून चाकांकडे ढकललं जातं. चाकातल्या छोट्या सिलेंडरमधले दोन पिस्टन बाहेर सरकतात, लायनर ड्रमला घासतात, गाडी थांबते. तेल बाहेर गळू नये म्हणून पिस्टनवर रबरी कप असतात. ते झिजले की ओल दिसते. नवं किट शंभर-दीडशे रुपयांना मिळतं. व्हिडिओत एका मुलाने ते वीस मिनिटांत बदललं होतं.

मी ते सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात बदललं. ड्रम निघेना, त्यावर हातोडी मारली. सिलेंडर आतून बारीक कागदाने घासला. कप बसवले. मग तेल भरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, तेल आणायचं राहिलं. रविवार, संध्याकाळ, खडवलीत ब्रेक ऑइल कुठे मिळणार? पेटीत बघितलं तर तळाशी पत्र्याचा एक डबा होता, ब्रेक ऑइलचा, ठळक अक्षरांत तसं छापलेला, वरचं झाकण घट्ट. आत तेल होतं. अब्बांच्या पेटीत ब्रेक ऑइलच्या डब्यात ब्रेक ऑइलच असणार. मला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. उलट जरा भरूनच आलं. अब्बांनी ठेवलेलं तेल आज आपल्या कामाला येतंय, असं काहीतरी मनात आलं. जुनं तेल काढून टाकून मी सगळी टाकी आणि लाइन त्याने भरली. भाच्याने पेडल दाबलं, मी नट सैल करून हवा काढली. पेडल असं कडक झालं की विचारू नका. भाचा म्हणाला, "मामू, नवीन गाडीसारखं."

आठवडाभर गाडी उत्तम थांबत होती. मग ती नीट सुटेना. ढकलली तर हलायची नाही, चार किलोमीटर चालवली की ड्रम हात लावता येणार नाही इतके तापायचे. मला वाटलं लायनर जास्त घट्ट केलेत. ते सैल केले. जरा बरं वाटलं. हे मी विस्ताराने सांगतोय कारण त्या दोन आठवड्यांत गाडी मला रोज काहीतरी सांगत होती, आणि मी तिच्या बोलण्याचा माझ्या सोयीने अर्थ लावत होतो.

२०२३ चा सप्टेंबर होता. त्याच वर्षी जुलैत खडवली फाट्यावर, हायवेवर, पडघ्याहून स्टेशनकडे येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपला कंटेनरने धडक दिली होती. रोज आमच्यासारखी लोकल पकडणारी माणसं त्यात गेली. तो अपघात वेगळा होता, माझ्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही. पण त्या दिवसांत खडवलीत जीप हा शब्द उच्चारला की माणसं गप्प व्हायची, एवढंच सांगायचंय.

रविवारी भाचा आला. पाऊस उघडला होता, नदीकडे चक्कर मारू म्हणाला. नदीकडे उतरणारी वाट आहे, कच्ची, दोन्ही बाजूंना भातखाचरं. पुढे माणसं होती. धुण्याची पाटी डोक्यावर घेतलेल्या दोन बायका, मागे तीन-चार पोरं. मी हळूच होतो, दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली गेलं. कडक नाही, मऊही नाही, सरळ पत्र्याला टेकलं. पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

त्या क्षणी मी काय विचार केला असं लोक विचारतात. काहीच केला नाही. हँडब्रेक ओढला, त्याने फारसं काही झालं नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी वाट सोडून खाचराच्या बांधावर चढली, नाक चिखलात घातलं आणि बंद पडली. बायकांनी मागे वळून पाहिलं. त्यांना काय झालं ते कळलंही नसावं. भाच्याचा ओठ डॅशबोर्डवर आपटून फुटला होता. तो म्हणाला, "काही नाही मामू, काही नाही," आणि रक्त पुसत राहिला.

आपाला मी फोनवर सांगितलं, गाडी खड्ड्यात गेली. हे खोटं होतं. हे खोटं पंधरा दिवस टिकलं.

अब्बांचा एक शागीर्द होता. मी लहान असताना तो गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून आला, पुढे मोठा झाला, स्वतःचं गॅरेज काढलं. आम्ही त्यांना भाई म्हणतो. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे गाडी का नेली नाही, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडलाय. लाज वाटत होती, असं वाटतं. मी शिकलेला, ऑफिसात बसणारा, आणि आता हौस म्हणून तेच काम करतोय ज्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते हसतील असं वाटायचं. नाहीतर पैसे घेणार नाहीत, ते आणखी अवघड.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून कल्याणला नेली. भाईंनी मास्टर सिलेंडरच्या टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला. पोऱ्याला म्हणाले, "पाणी ला." ग्लासभर पाण्यात ते चार थेंब टाकले. थेंब वर तरंगत राहिले. मग दुकानातल्या नव्या बाटलीतलं ब्रेक ऑइल दुसऱ्या ग्लासात टाकलं. ते पाण्यात विरघळून दिसेनासं झालं.

"हे ब्रेक ऑइल नाही," भाई म्हणाले. "कुठून घेतलंस?"

मी डबा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे जॅकचं तेल आहे," ते म्हणाले. "उस्ताद याच डब्यात ठेवायचे. मीच भरायचो ना, पिंपातून. दहा वर्षं भरलं."

गॅरेजमधल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. डब्यावर काय छापलंय ते कुणी बघतच नव्हतं. मी एकटाच असा होतो ज्याने तो डबा वाचला.

मग त्यांनी मला समजावलं. ब्रेक ऑइल हे नावापुरतंच ऑइल. जॅकमध्ये जातं ते खनिज तेल. ब्रेकच्या कपांचं रबर खनिज तेलात फुगतं. आधी फुगून पिस्टन अडकतात, म्हणून गाडी सुटत नव्हती, ड्रम तापत होते. मग ते मऊ पडून कडा उलटतात आणि तेल कुठेही धरत नाही. आणि हे एका चाकाचं नाही. ते तेल जिथे जिथे गेलं तिथलं रबर संपलं. मास्टर सिलेंडर, चारही चाकांची किट, रबरी नळ्या, सगळं नवं. पत्र्याच्या नळ्या धुऊन काढायच्या. सामान आणि मजुरी मिळून ११,४०० रुपये झाले. मजुरी त्यांनी घेतली. पूर्ण घेतली. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

खरं ब्रेक ऑइलसुद्धा पेटीत ठेवून देण्याची वस्तू नाही, हेही त्याच दिवशी कळलं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असं मानक आहे, आणि ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ड्रम तापला, तेलात वाफ झाली की पेडल तसंच खाली जातं. आणि आमच्याकडे नदीत गाडी घालायची हौस असलेले जे येतात त्यांनाही सांगायला हवं, पाण्यातून बाहेर आल्यावर ओले ड्रम धरत नाहीत. थोडं अंतर हळू चालवत, पेडलवर हलका पाय ठेवून ते सुकवावे लागतात. ॲक्सलमध्ये पाणी शिरलं की आतलं तेल दुधासारखं होतं, ते नट उघडून बघावं लागतं. हे काम मात्र घरी करता येतं. मी करतो.

भाईंच्या गॅरेजमधून आल्यावर मी आपाला खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अब्बांनी तुला पाना दिला नव्हता, ते उगीच नव्हतं." मला हे लागलं. आजही लागतं, कारण मला ते पूर्ण खरं वाटत नाही. त्यांनी पाना दिला असता तर मला त्या डब्यात काय आहे ते माहीत असतं.

आपल्याकडे हदीसच्या संग्रहांत, अबू दाऊद आणि नसाई दोन्हींत, अशा आशयाची एक हदीस आहे की ज्याला वैद्यकी येत नाही आणि तरी तो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीचा जामीन असतो. फिक्हच्या पुस्तकांत पुढे कारागिरांच्या जबाबदारीचीही लांबलचक चर्चा आहे. शिंप्याने कापड बिघडवलं, रंगाऱ्याने चुकीचा रंग दिला, तर भरपाई कुणी करायची. आपण कोर्टात 'जामीन' म्हणतो तो शब्द तिथलाच. मी हे आधी वाचलं होतं, पण ते माझ्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात हिशोब एवढाच होता: गॅरेज फसवतं, घरी केलं तर पैसे वाचतात, आणि चुकलं तर माझीच गाडी, माझंच नुकसान. त्या वाटेवरच्या दोन बायका या हिशोबात नव्हत्या. भाचा माझ्या शेजारी बसला होता, तरी तोही नव्हता.

आता मी विचार करतो तो वेगळ्या तऱ्हेने. डिझेल फिल्टर मी चुकवला तर गाडी सुरू होणार नाही, मी ऑफिसला लोकलने जाईन, जसा रोज जातो. बुश चुकला तर खडखड होईल, माझीच कंबर दुखेल. ही कामं माझी. त्यात मला वेळ लागो, हात फुटो, काही बिघडत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचं बेअरिंग यांच्या चुकीची किंमत रस्त्यावरचा दुसरा कुणी देणार आहे. ती कामं माझी नाहीत. पण ती ज्याला 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहून बिल देतात त्या गॅरेजचीही नाहीत. ती अशा माणसाची आहेत जो जुना भाग हातात देतो आणि विचारलं तर कारण सांगतो. असा माणूस सापडणं हीच मोठी अडचण आहे, हे मला मान्य आहे. मला घरातच सापडला होता आणि मी दीड वर्ष त्याला टाळलं. तुमच्या गावात असा कुणी असेल तर त्याची पोरं आज काय करतायत तेही बघा. भाईंचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. गॅरेजमध्ये त्यालाही पाना दिलेला नाही.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी भाईंनी हवा काढायचं काम मुद्दाम राखून ठेवलं होतं. मला सीटवर बसवलं, स्वतः खाली गेले. "दाब... धरून ठेव... सोड." चार चाकं, प्रत्येक चाकाला आठ-दहा वेळा. सर्वांत लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. मी ते उलट केलं होतं. मग ते हात पुसून वर आले, मला बाजूच्या सीटवर सरकायला सांगितलं आणि गाडी स्वतः चालवली. ब्रेकचं काम केलेली गाडी पहिल्यांदा आपणच चालवायची आणि गिऱ्हाईक शेजारी बसवायचं, ही अब्बांची पद्धत. शहाडच्या पुलाकडून वळून आलो. तीन वेळा त्यांनी जोरात ब्रेक दाबले. तिसऱ्या वेळी सीटवरची माझी पिशवी खाली पडली.

परत आल्यावर ते म्हणाले, "पाटे, ग्रीस, फिल्टर तू कर. हे माझ्याकडे आण." मग जरा थांबून, "रविवारी येत जा. शिकायचं असेल तर."

मी डबा टाकून द्यायला निघालो होतो. त्यांनी थांबवलं. कोपऱ्यातला जॅक पुढे ओढला, बूच काढलं आणि डब्यात उरलेलं तेल त्यात सावकाश ओतलं, थेंब न सांडता. रिकामा डबा मला परत दिला. पोऱ्याने तोच जॅक दुसऱ्या गाडीखाली लावला आणि दांडा मारायला सुरुवात केली.